एकशे एक्याऐंशी

"लाईट गेलती काय गं आई?"

झेंडूच्या फुलांची पिशवी सोप्यात टाकून मी जिन्याशी उभी होते. आई चुलीपुढून न वळताच म्हणाली, "गेली असंल."

"असंल म्हणजे? गेली का नाही?"

"मी काय बटनाकडं बघत बसलीया? नैवेद्य करू का लाईट राखू?"

खंडेनवमीचा दिवस होता, शनिवार. मी तासाभरापूर्वी फुलं आणायला बाजारात गेले तेव्हा वरच्या खोलीतला कॉम्प्युटर चालू होता. आता तो बंद होता. वर्षभर मी तो एका कारणासाठी चालू ठेवत होते, आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता त्याचं खरं काम होतं.

तो कॉम्प्युटर माझ्या भावाचा, धैर्यशीलचा. आमच्या विट्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. आप्पांचं गलाईचं दुकान तीस वर्षं सेलमला होतं. दादानं ते पुढं चालवावं एवढीच त्यांची इच्छा. दादा गेला, आठ महिने तेजाबाच्या धुरात खोकला आणि परत आला तो थेट या कॉम्प्युटरपुढं बसला. आदल्या वर्षी दसऱ्याला आप्पा गावी आले तेव्हा साहेब रणगाड्यांचा गेम खेळत होते. पूजेला मांडायचा चिमटा हातात घेऊनच आप्पा वर चढले.

"हे काय हत्यार हाय?" ते ओरडले. "खेळणं हाय हे! हत्यार धरायला हात लागतो. तुझ्या हाताला खेळणंच शोभतं. माझ्या घरात राहायचं तर हे ऱ्हाणार न्हाई."

"मग मीच राहत नाही," दादा म्हणाला.

दोघंही एकाच मातीचे. दुसऱ्या दिवशी पहाटे दादा निघून गेला. फोन बंद, ईमेल बंद. आप्पांनी पुढं सेलमचं दुकान पुतण्याकडं दिलं आणि गावी येऊन बसले. त्या वर्षात दादाचं नाव त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नाही. कॉम्प्युटर मात्र त्यांनी फेकला नाही. का, ते मी विचारलं नाही. फेकला नाही तेच पुष्कळ होतं.

कारण दादा त्यातून येत होता. जाण्याआधी त्यानं मला सगळं शिकवून ठेवलं होतं. गेमचं मैदान आपल्या घरातल्या कॉम्प्युटरवर चालवायचं, त्याला म्हणायचं सर्व्हर. ज्याला खेळायला यायचंय त्यानं आपल्या घराचा नंबर टाकायचा आणि आत यायचं. नंबर म्हणजे इंटरनेटवरचा आपला पत्ता. आमचा होता २०३.०.११३.१८१. दादानं तो चिठ्ठीवर लिहून खिशात घातला होता. दर रविवारी चार वाजता तो कुठल्या तरी गावच्या नेटकॅफेतून यायचा. अर्धा तास रणगाडे फिरवत आम्ही टाइप करून बोलायचो. कुठं आहेस, हे विचारायचं नाही. विचारलंस तर परत यायचा नाही, ही त्याची अट. मी वर्षभर विचारलं नाही.

आदल्या रविवारी जाताजाता त्यानं लिहिलं, "दसऱ्याला आप्पांना बसव. मीच बोलतो. आधी सांगू नको, माझं नाव ऐकलं की उठून जातील."

मी लिहिलं, "बसवते. शपथ."

"आणि सर्व्हर बंद दिसला तर समजेन, त्यांनी नको म्हटलं. मग मी पुन्हा त्रास देणार नाही."

दसरा उद्यावर आला होता.

मी कॉम्प्युटर चालू केला. सर्व्हर सुरू केला. तपासलं तर बाहेरून कुणाला आत येता येईना. आधी वाटलं घरातल्या घरात घोळ आहे. कसं असतं, भिंतीवरचा इंटरनेटचा काळा डबा बाहेरून आलेल्या माणसाला दारात घेतो आणि आत कॉम्प्युटरकडं पाठवतो. घरातल्या कॉम्प्युटरचा नंबर वेगळा असतो. बंद-चालू झाल्यावर तो बदलला होता, आणि डबा बिचारा पाहुणे जुन्याच नंबरला पाठवत होता. ते मी पाच मिनिटांत दुरुस्त केलं. आपली आपणच पाठ थोपटली. मग बाहेरचा नंबर बघितला.

शेवटी १३७.

पुन्हा बघितला. १३७च. घर तेच, दार तेच, आणि पत्ता दुसऱ्याचा. दादाच्या खिशात जुना. नवा त्याला कळवायला माझ्याकडं काय होतं? काही नाही. कबुतरसुद्धा नव्हतं.

जेवताना आप्पांनी विचारलं, "वरचं मशीन चालू केलंस?"

"केलं. का?"

"काय न्हाई. आजच्या दिवस ऱ्हाऊ द्यायचं."

बघा, म्हटलं, वर्ष झालं तरी राग आहेच. मी अर्ध्या भाकरीवर उठले आणि सायकल काढली.

आमचा केबलवाला बजरंग हसबे. एस.टी. स्टँडमागं एका गाळ्यात त्याचं ऑफिस. तिथं जाऊन बघते तर शिडी, पक्कड, ड्रिल, वायरची बंडलं, सगळं ओळीनं मांडलेलं, हळदकुंकू लावलेलं. कॉम्प्युटरला तर हार घातलेला. बजरंग बाहेर बाकड्यावर चहा पीत होता.

"बजरंगदादा, आमचा नंबर बदललाय. जुना परत पाहिजे."

"कंचा नंबर? मोबाईलचा?"

"इंटरनेटचा."

"आगं ते बदलतंच. साठ नंबर, गिऱ्हाइकं शंभर. एस.टी.तल्या सीटसारखं हाय. तू उठलीस की दुसरा बसला. तुमचा वर्षभर बदलला न्हाई हेच नवल. डबा बंद केला असशील."

"लाईट गेली होती."

"लाईट?" त्यानं कप खाली ठेवला. "आज लाईट कुठं गेली? नवमीला लाईट घालवली तर लोक बोर्डात घुसत्याल."

तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला पाहिजे होता. पण मी घाईत. घाईत माणूस आंधळं होतं.

"जाऊ दे ते. परत मिळवून दे ना."

"फिक्स नंबर घ्यावा लागतो. त्याला वरनं मंजुरी लागती. दसरा झाल्यावर ये."

"उद्या चारच्या आत पाहिजे."

"वैजू, आज मी हत्याराला हात लावत न्हाई. साधा स्क्रूड्रायव्हर न्हाई. देवाची शपथ."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला रडायचं नव्हतं, रागच आला होता, पण आलं. बजरंग चपापला. इकडंतिकडं बघून म्हणाला, "मी हात लावणार न्हाई. तू लावलास तर मला दिसलं न्हाई. मी आपला च्या पितो."

मी हार सरकवला आणि यादी उघडली. एकशे एक्याऐंशीपुढं नाव होतं, लोखंडे मास्तर, खानापूर रस्ता.

"आता ऐक," बजरंग पाठमोराच बोलला. "मास्तरनं डबा बंद केला की नंबर मोकळा. त्याच मिनिटाला तुमचा डबा बंद-चालू झाला पाहिजे. दुसरं कोण मधी आलं तर गेला. आन् मी आता कुलूप लावून औंधला निघालो, यमाईला. उद्या रात्री येतो."

लोखंडे मास्तर रिटायर माणूस. मुलगी परदेशात, तिला बघायला त्यांनी नेट घेतलेलं. मी दारात उभी राहून काय वाटेल ते सांगितलं. आमच्या घरी महत्त्वाचं काम आहे, तुमचा डबा दहा मिनिटं बंद ठेवा, चोरी नाही, काही नाही. मास्तरीणबाईंनी मला पायापासून केसापर्यंत बघितलं.

"मुळीकांची ना तू? ज्यांचा पोरगा पळून गेला?"

"पळून नाही गेला," मी म्हटलं. "गेला."

मास्तर उठले. "बंद करायचाय ना? करू की. त्यात काय. सांग कधी करू."

त्यांच्याच फोनवरून मी घरी फोन लावला. आई या वेळेला देवीची ओटी भरायला गेलेली असणार. आप्पांनीच उचलला.

"आप्पा, मी वैजू. वरच्या खोलीत जा. भिंतीवर काळा डबा आहे. त्याचं बटण बंद करायचं, दहा मोजायचे, परत चालू करायचं. मी आत्ता म्हणते तेव्हा."

मी मास्तरांना हात केला, थांबा म्हणून.

"आप्पा?"

"आज न्हाई."

"दोन मिनिटांचं काम आहे!"

"आज त्याला हात लावायचा न्हाई. उद्या पूजा झाली की करतो."

"उद्या करून काय उपयोग? आत्ता पाहिजे!"

"कशाला पाहिजे?"

इथं मी सांगायला हवं होतं. तीन शब्द. दादा येणार आहे. पण दादानं सांगितलेलं, आधी बोलू नको, उठून जातील. आणि मास्तरीणबाई कान टवकारून पुढ्यात उभ्या. मी काय बोलले? मी बोलले, "तुम्हाला त्या खोलीत पाय ठेवायची लाज वाटते होय? त्याला घालवलंत तेव्हा नाही वाटली?"

आप्पा म्हणाले, "ठेव फोन."

मी मास्तरांना म्हटलं, "आता बंद करा, मी घरी जाऊन चालू करते." आणि सायकल हाणली. बारा मिनिटं लागली. आप्पा सोप्यात भिंतीला टेकून बसलेले. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. वर जाऊन डबा बंद केला, दहा मोजले, चालू केला.

१४६.

मास्तरांना फोन केला. मग परत गेले, त्यांचा नंबर बघितला. त्यांना १२२ मिळालेला. त्या बारा मिनिटांत तिसऱ्याच कुणी एकशे एक्याऐंशी उचललेला. कोण, ते बजरंगच्या यादीत. आणि बजरंगच्या गाळ्याला हे एवढं कुलूप.

दसऱ्याच्या सकाळपासून मी डबा बंद करत होते आणि चालू करत होते. साठातला एक नंबर, कधीतरी लागेल. १५२. १४६. १२९. १६८. वहीच्या मागच्या पानावर लिहीत गेले. एकदा १८० आला तेव्हा मी अक्षरशः देवाला शिवी दिली. खाली पूजा चालू होती, आरतीला हाक आली, मी गेले नाही.

अकराच्या सुमाराला आप्पा जिन्यात आले. वर्षात पहिल्यांदा, असं मला वाटलं.

"पूजा झाली," ते म्हणाले. "काल काय करायचं होतं? आता करतो मी."

"आता काही नको."

"बटनच दाबायचं ना? दाव कंचं."

"आप्पा, नको म्हटलं ना! कालच करायचं होतं ते!"

ते उतरून गेले. नवं धोतर नेसले होते. मला त्यांची कीव आली नाही. खरं सांगते, अजिबात आली नाही.

चार वाजले तेव्हा माझ्या पानावर एकसष्ट आकडे होते आणि डब्यावर १६३. मी खुर्चीत बसून होते. आत्ता कुठल्या तरी गावात दादा खुर्ची ओढून बसला असेल, चिठ्ठी उलगडून नंबर टाकत असेल. दुसऱ्या कुणाच्या तरी बंद दारावर थाप मारत असेल. पुन्हा मारत असेल. तो असा किती वेळ मारेल? आमच्या घरातला माणूस तो. दोनदा. फार तर तीनदा.

साडेचारला पायरी वाजली. आप्पा आपट्याची पानं घेऊन आले होते.

"सोनं घे."

मी पान घेतलं आणि त्यांच्या पाया पडले. त्यांनी खुर्चीकडं बघितलं. मी उठले. ते बसले, दादाच्या खुर्चीत, अगदी कडेवर. मी त्यांना सांगितलं नव्हतं, बोलावलं नव्हतं, आपणहून बसले. पडद्यावर मोकळं मैदान होतं. लांबवर दोन पडक्या भिंती आणि माझा एकटा रणगाडा.

"हे काय?"

"मैदान आहे."

"कोण न्हाई त्यात."

"नाही."

मी त्यांच्या मागं जाऊन शेवटचं म्हणून डब्याचं बटण दाबलं. दहा मोजले. चालू केलं. नंबर बघितला.

१८१.

घड्याळात चार वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. अजून असेल, म्हटलं. कॅफेत तासाभराचं घेतलं असेल, एकदा शेवटचं बघू म्हणत असेल. ये रे. एकदा ये. मी तोंडानं म्हटलं का मनात, आठवत नाही.

"यायचं होतं कोण?" आप्पांनी विचारलं.

"हो."

त्यांनी पुढं विचारलं नाही. मी सांगितलं नाही. आम्ही दोघं सहा वाजेपर्यंत त्या मैदानाकडं बघत राहिलो. आप्पांची पाठ दुखते, तासभर एका जागी बसणं त्यांना होत नाही, पण बसले. मग उठले. हातात आपट्याचं एक पान उरलं होतं. ते त्यांनी कीबोर्डवर ठेवलं, खिशातल्या रुमालानं तोंड पुसलं आणि जिना उतरून गेले.

पुढच्या रविवारी दादा आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा आईनं घर झाडायला काढलं. वरच्या खोलीची जाळी काढायला मी स्टुलावर चढले आणि तो काळा डबा खिळ्यावरून उतरवला. पाठीमागं, भिंतीकडच्या बाजूला, जिथं कुणाला कधी दिसणार नाही तिथं, हळदीकुंकवाची दोन बोटं होती. खिळ्याला झेंडूची सुकलेली पाकळी अडकलेली. मी कॉम्प्युटर पुढं ओढला. त्याच्याही पाठीला तशीच दोन बोटं. रुंद, जाड, आप्पांच्या बोटाएवढी.

आमच्या घरात नवमीला कुंकू फक्त हत्याराला लागतं. मुशीला, चिमट्याला, तराजूला. खेळण्याला लागत नाही.

मी स्टुलावरूनच हाक मारली. "आई, हे कुणी केलं?"

आई झाडू घेऊन दारात आली.

"तू फुलं आणायला गेलतीस तवा," ती म्हणाली. "मला म्हणाले, पोराचं हत्यार हाय, बिनपुजेचं कसं ठिवायचं. त्या डब्यात दिवा जळत होता, म्हणून बोर्डाचं बटन बंद केलं आन् मग हात लावला. परत चालू पण केलं. म्हणाले, वैजीला सांगू नगंस, हसंल ती. म्हणून मी म्हणलं, लाईट गेली असंल."

"आणि फोनवर मी सांगितलं तेव्हा?"

"पूजा झाल्यावर दसऱ्यापतूर हत्याराला हात लावत्यात व्हय? तू तरी काय." मग माझ्याकडं बघून तिनं विचारलं, "का गं? काय झालं?"

मी स्टुलावर बसले. काय सांगणार होते? तुझ्या नवऱ्यानं वर्षभरानं पोराला पोटाशी धरलं आणि त्याच हातानं दार लावलं, हे? मला हसू आलं नसतं, आप्पा. मी एवढी वाईट नाही. सांगितलं असतंत तर मी रडले असते, आणि मग मीही सगळं सांगून टाकलं असतं.

"काही नाही," मी म्हटलं. "धूळ गेली डोळ्यात."

या गोष्टीला पंधरा वर्षं झाली. दिवाळीनंतर बजरंगनं मला एकशे एक्याऐंशी फिक्स करून दिला, कायमचा. कॉम्प्युटर दोनदा बदलला, गेम आता कुणी खेळत नाही, सर्व्हर चालू आहे. दादा आला नाही. फोन नाही, पत्र नाही, कुणी सेलमला पाहिला नाही, कुणी पुण्याला पाहिला नाही. त्यानं दोनदा थाप मारली असेल, फार तर तीनदा, आणि आप्पांनी नको म्हटलं असं समजून तो उठला असेल. माझ्या भावाला मी ओळखते. तो आता येत नाही.

आप्पा एक्याऐंशीचे झाले. मी त्यांना कधी सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही.

लग्न होऊन मी तासगावला गेले, पण खंडेनवमीला माहेरी येते. आप्पांना जिना चढवत नाही, मी हाताला धरून वर नेते. आता लपवाछपवी नाही. ताटात हळदकुंकू आणि झेंडू घेऊन ते डब्यापुढं उभे राहतात, थरथरतं बोट कुंकवात बुडवतात आणि दरवर्षी मला विचारतात, "बटन बंद करू का गं घडीभर?"

"करा आप्पा," मी म्हणते. "आता नंबर बदलत नाही."